पाय देणारी

सुईच्या टोकावर काहीच आलं नाही. ना काट्याचं काळं टोक, ना पू, ना रक्ताचा ठिपका — राहीने सुई उन्हाकडे धरून दोनदा पाहिली, पदराला पुसली आणि तांबूच्या मागच्या उजव्या पंजाच्या गाद्यांमधून पुन्हा एकदा हलकेच फिरवली; काटा असता तर एव्हाना कुठेतरी अडकला असता, तांबू कुठेतरी कुईं करून आकसला असता. पण तो पंजा तिच्या हातात देऊन नुसता धापा टाकत होता, जणू पाय दुसऱ्या कुणाचा आहे, आणि मधूनमधून तिच्या मनगटावर जीभ फिरवत होता. काटा हवा होता तिला. करवंदीचा, बोरीचा, माशाचा, कसलाही — काटा काढता येतो. काटा नाही तर मग काय, हे कुत्र्याला विचारायचं तरी कसं?

काल संध्याकाळपर्यंत धडधाकट होता. भाताची खरवड आणि बांगड्याच्या कालवणाचं उरलंसुरलं मिटक्या मारत खाल्लं होतं. पहाटे नेहमीसारखी परसाच्या दगडी गडग्यावरून उडी टाकून लवूच्या मागोमाग बंदरावर गेला होता. लवू म्हणजे राहीचा धाकटा सावत्र भाऊ; आगबोट रत्नागिरीला लागली की उतारूंना किनाऱ्यावर आणणारे पडाव असतात, त्यातल्या एकावरचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या. त्याला पडावापर्यंत पोचवून यायचं, हे तांबूने आपण होऊन अंगावर घेतलेलं काम. आज त्या कामावरून परतला तो तीन पायांवर, पाठीला कमान आणून, मान खाली घालून, आणि मागीलदारी फणसाच्या सावलीत येऊन नुसताच उभा राहिला. बसायला गेला, बसवेना. फिरून उभा राहिला. तिसऱ्या खेपेला कण्हत, अगदी सावकाश, एका कुशीवर पडला आणि मग हलला नाही. शहाणं जनावर! दुखतंय ना, मग पडून राहायचं, हलायचं नाही, कुणाला हलवू द्यायचं नाही, एवढं त्याला आईच्या पोटातून येताना कळलं होतं. कळलं नाही ते मला... पण तेव्हा ती हे म्हणत नव्हती. तेव्हा ती सुई घेऊन काटा शोधत होती आणि मनात म्हणत होती, काही नाही, लचक असेल.

लचक. हा शब्द मनात आला तिथेच सगळं नासलं. दुसरं काही सुचलं असतं तरी चाललं असतं, पण राहीला लचकच सुचणार. सुताराला लाकूड दिसावं तसं तिला जगात जो तो कमरेतून वाकलेलाच दिसे.

"वन्सं," न्हाणीपाशी भांडी घासता घासता काशी म्हणाली. काशी म्हणजे लवूची बायको. "अख्ख्या बंदराच्या कमरा सरळ केल्यात तुम्ही. घरच्या कुत्र्याचंच तेवढं पाप काय?"

"जनावराला कुणी पाय देतं काय गं?"

"का? जनावराला कंबर नाय? बघा तरी कसा वाकलाय. परवा तो विठू खलाशी असाच वाकून आला होता ना, नि जाताना उड्या मारत गेला."

काशी थट्टा करत नव्हती, हेच तर वाईट. थट्टा केली असती तर राहीने फटकारलं असतं, बस म्हटलं असतं, गप भांडी घास. पण काशीच्या डोळ्यांत तांबूची कीव होती आणि राहीच्या पायावरचा विश्वास होता, आणि अशा दोन गोष्टी एकदम समोर आल्या की नाही म्हणायला जागा कुठे राहते?

राही पायाळू होती. पायाकडून जन्मलेली. आधी पाय बाहेर आले, डोकं मागाहून, आणि त्या उलट्या येण्यात आई जी रक्तात न्हाली ती तिसऱ्या दिवशी गेली. यातलं अर्धं लोक तोंडावर बोलत, अर्धं पाठीमागे. तोंडावर हे, की पायाळूच्या पायाला गुण असतो. कुणाची कंबर लचकली, पाठीत उसण भरली, की पायाळूने उपाशीपोटी, मुकाट्याने, दुखऱ्या जागी तीनदा पाय लावायचा, तिसऱ्यांदा जरा भार देऊन, लचक गेलीच म्हणून समजा. आणि पाठीमागे हे, की आईला खाऊन आली. लहानपणी वीज चमकू लागली की आत्या तिला हाताला धरून घरात ओढायची आणि दार लावून घ्यायची, कारण पायाळूवर वीज पडते म्हणतात. तेव्हा वाटायचं, आत्याला आपली केवढी काळजी! मग एकदा आत्याच शेजारणीला सांगताना ऐकलं, की अंगणात पडली वीज तर शाकारलेलं घर पेटेल ना गं. त्यानंतरही ती आत्याच्या हाताला धरूनच घरात जात राहिली, दुसरं करणार काय?

नवव्या वर्षी पहिला पाय दिला. कुणीतरी दांडगा माणूस ओटीवर पालथा पडला होता, दोन बायकांनी तिला बगलेत धरून त्याच्या कमरेवर उभं केलं, तो 'आं!' करून ओरडला, मग उठून बसला, इकडेतिकडे वळून पाहिलं आणि म्हणाला, हलकं वाटतंय. तिला गुळाचा खडा मिळाला. आईला मारणारे पाय ते हेच, आणि गुळाचा खडा मिळवणारे पण हेच... नऊ वर्षांच्या पोरीने यातलं कुठलं खरं धरावं? तिने गूळ खरा धरला. पुढे लग्न होऊन केळशीला गेली, मानमोडीच्या तापाच्या साथीत नवरा गेला, मूल नव्हतंच, तेव्हा लवू जाऊन तिला घेऊन आला. भावाने ठेवून घेतली, काशीने कधी ताट आपटलं नाही, सगळं खरं. पण ज्या बायका हळदीकुंकवाच्या दिवशी तिची सावली टाळत, त्याच बायका कंबर धरली की तिच्या पुढ्यात पालथ्या पडत, आणि म्हणून राही या घरात नुसती परत आलेली बहीण नव्हती, तिला ओटीवर बसायचा हक्क होता, लवूला बंदरावर पायाळूचा भाऊ म्हणून मान होता. पाय काढून घेतला तर राहीचं असं या घरात काय होतं? एक पेटी, दोन लुगडी आणि हा तांबू.

तांबूला पायाचं काही नव्हतं. चार वर्षांपूर्वी मांडवीच्या वाळूतून मागे लागून आला, ती थांबली की थांबे, चालली की चाले, आणि घराशी आल्यावर आपलंच घर असल्यासारखा आत शिरला. त्याने कधी तिच्याकडून काही बरं करून मागितलं नाही. तिच्याजवळ नुसता बसायचा. माणसं तिच्याजवळ नुसती बसत नसत हे तिला तो आल्यावर कळलं.

आणि त्या सकाळी ती उपाशी होती. पेज अजून चुलीवरच होती... पेज प्यायली असती तर! चार घोट पेज पोटात गेली असती, तर काशीला सांगता आलं असतं, अगं आता उष्ट्या तोंडाने चालत नाही, उद्या बघू. आणि उद्यापर्यंत तो पडून राहिला असता सावलीत, उद्यापर्यंत कदाचित... चार घोट पेजेने एक जीव वाचला असता, हे पुढे दिवसभर तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

तिने भिंतीला हात टेकला, लुगडं आवरलं आणि उजवा पाय तांबूच्या कमरेला लावला. त्याचं कातडं शहारलं. दुसऱ्यांदा लावला तेव्हा तो गुरगुरला — मोठ्याने नाही, घशातल्या घशात, आणि ओठ जरासा वर उचलला, एक दात दिसला. तिच्यावर तो आजवर कधी गुरगुरला नव्हता. सांगत होता तो. माणसाच्या बोलीत जेवढं सांगता येईल त्याहून सरळ सांगत होता, नको. पण पाय देताना बोलायचं नसतं, थांबायचंही नसतं, दोन देऊन तिसरा न देणं अशुभ, हे नवव्या वर्षापासून हाडात मुरलेलं; तिने तिसऱ्यांदा पाय लावला आणि जरा भार दिला.

पायाखाली काहीतरी सरकलं. कट् — एवढंच. आवाज कानाने ऐकला की तळव्याने, तिला सांगता आलं नसतं. पाठोपाठ तांबूची किंकाळी आली, आणि त्याच क्षणी पायाच्या वरच्या अंगाला दात रुतले, आणि तितक्याच झटक्याने सुटलेही. चावून त्याने तिच्याकडे पाहिलं ते राहीला फार काळ पुरणार होतं. मग तो पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत लाकडांच्या राशीकडे गेला. मागचे पाय, दोन्ही, उजवा आणि डावाही, धुळीत फरफटत गेले. सकाळी एक लंगडत होता.

"पिसाळला!" काशीच्या हातातलं पातेलं घरंगळत गेलं. "अगो बाई, पिसाळला हो! वन्संना चावलान!"

"अगं, नाही गं, त्याला दुखलं—"

"पाय दिल्यावर दुखेल कसं?"

उत्तर पायाखाली होतं, तळव्याला लागून होतं. पण काशी तोवर गडग्याशी जाऊन शेजारपाजाऱ्यांना सांगत होती, मुलांना आत घ्या, दारं लावा.

लवू दुपारी धावतच आला. त्याने तिला पाटावर बसवलं, चूल विझल्याचंही त्याला भान नव्हतं, स्वतः पाणी ओतओतून जखम धुतली, हळद दाबली, फडकं बांधलं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या पडावावरचा एक खलाशी कुत्रं चावून गेला होता. भर समुद्रावर उभं आयुष्य काढलेला माणूस तांब्यातलं पाणी बघून किंचाळताना लवूने पाहिला होता, दोघांनी त्याला धरून ठेवलं होतं त्यातला एक लवू होता. त्यामुळे त्याच्यावर रागावता येईना. रागावता आलं असतं तर किती सोपं झालं असतं!

"उद्या सकाळच्याला सरकारी दवाखान्यात जायचं," तो म्हणाला. "सुया घ्यायच्या, किती सांगतील तितक्या. आणि त्या कुत्र्याला आजच संपवायचं. धाकूला बोलावलाय."

"लवू, ऐक. पिसाळला नाही रे तो. माझ्या पायानं त्याला इजा झाली."

लवूने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, कीव होती. ताप चढलेल्या माणसाचं बोलणं ऐकावं तसं त्याने ऐकून घेतलं. "आक्का, तुझ्या पायानं? तीस वर्षं नि वर झाली, कुणाला इजा झालेली ऐकलीस? मांडवीपासून मिऱ्यापर्यंत एक माणूस आणून दाखव. पायाळूचा पाय लागून जनावर उलटून चावतं, ते का? त्याचं डोकं फिरल्याबिगर?"

बघा म्हणजे. पाय चुकत नाही. पाय दिला तरी कुत्रं चावलं. म्हणून कुत्रं पिसाळलं. कुठे बोट ठेवायचं यात? याच हिशेबावर तर ती आजवर ताठ मानेने जेवत आली. पाय देऊनही कुणाची कंबर बरी झाली नाही तर लोक म्हणत, त्याची लचक नव्हतीच, दुसरंच काहीतरी होतं, कुणाची तरी बाधा असेल. आणि राही मान डोलवायची. डोलवायची ना मी? ओटीवर बसून, पदर सावरून, शहाण्यासारखी.

धाकू आला तो हातात काही न घेता. हाडकुळा, साठीच्या घरातला, मोठ्या लढाईत सरकारी पलटणीबरोबर बसऱ्याला गेलेला आणि तिथे चार वर्षं खेचरं सांभाळलेला माणूस. पाय मोडलेल्या खेचरांना त्याला गोळी घालावी लागे, म्हणून गावात कुणाचं जनावर संपवायचं झालं की धाकूला बोलावत, आणि एरवी त्याच्याशी फारसं कुणी बोलत नसे. राशीपासून दहा हातांवर तो उकिडवा बसला — तांबूकडे तोंड करून नाही, अंग तिरकं करून, नजर भलतीकडे ठेवून. किती वेळ नुसताच बसला. गडग्यापलीकडे माणसं जमली होती, कुणीतरी म्हणालं, बसतोस काय, घाल की. त्याने ऐकलं नसल्यासारखं केलं.

"वाडग्यात पाणी द्या," तो म्हणाला. "नि लांब काठी."

वाडगं त्याने काठीने सावकाश आत सरकवलं. लाकडांखालच्या अंधारातून आधी काहीच आवाज आला नाही. मग लपलप... लपलप. राहीने डोळे मिटून घेतले. त्या आवाजाइतकं गोड काही तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"पाणी पितोय," धाकू म्हणाला.

"आज पितोय," लवू म्हणाला. "उद्याचं काय?"

धाकू वाद घालत नसे. त्याने काशीकडून जुन्या लुगड्याची पट्टी मागून घेतली, तिला फास केला, आणि तसाच तिरका, बसल्या बसल्या, पुढे सरकत राशीपाशी गेला. तोंडाने हलकी, एका सुरातली चुचकार चालूच. "दुखणारं जनावर चावणारच," तो म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही. "माझं बोट खेचरानं असंच घेतलान. पिसाळलं नव्हतं, पाय मोडला होता. पहिलं तोंड बांधायचं, मग हात लावायचा. वरून जायचं नाय, मागनं जायचं नाय, दुखतं तिथं तर जायचंच नाय." फास नाकावरून गेला, हनुवटीखाली गाठ, मग दोन्ही टोकं कानांमागे. घट्ट नाही, त्याला वारा घेता आला पाहिजे म्हणाला. जुन्या पडावाची एक फळी भिंतीला टेकून होती, ती त्याने तांबूच्या पाठीला लावून खाली घातली आणि पाठ जराही वाकू न देता, खांदे आणि ढुंगण एकदम धरून, त्याला वर सरकवून घेतलं. तांबू कण्हला, बस्स. फळी सावलीत आली. तोंडाची पट्टी त्याने लगेच सैल केली. किती सोपं होतं! एक चिंधी, एक फळी आणि हात न लावण्याची अक्कल. सकाळी हे तिन्ही घरात होतं... अक्कल सोडून.

मग धाकूने तांबूच्या मागच्या पंजाचं एक बोट चिमटीत धरून दाबलं. राही बघत होती. तांबू लवूकडे बघत होता, शेपटी पडलेली, त्याला पंजाचं काही कळलंच नाही. धाकूने दुसऱ्या पायाचं बोट दाबलं. जोरात दाबलं.

"सकाळी असाच होता?"

"एक पाय उचलत होता," काशी म्हणाली. "चालत होता."

"मग मधे काय झालं? पाठीवर काय पडलं याच्या? कुणी दाबलान?"

काशी राहीकडे बघायचं चुकवत होती. राहीला वाटलं, आता बोलले नाही तर आयुष्यात पुन्हा कधी बोलणार नाही. आणि बोलले तर... उद्यापासून ओटीवर कोण येईल? आणि परवापासून मी कोण असेन? तिने फडकं बांधलेला पाय ओढत दोन पावलं पुढे टाकली.

"मी दाबलं," ती म्हणाली. "पाय दिला मी त्याला. तो नको म्हणत होता तरी दिला. माझ्या पायाखाली कट् झालं. पायात काही नाही रे माझ्या, लवू. काही गुण नाही. नुसता पाय आहे."

सांगून टाकलं. आभाळ कोसळायला हवं होतं, निदान कुणीतरी तोंडात मारायला हवी होती. पण गडग्यापलीकडून एक बाई हळहळली, "बघा, कुत्र्यापायी जीव किती तुटतोय तिचा! काय काय बोलते!" आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. तिचं खरं कुणी घेतच नव्हतं! तीस वर्षं जे खोटं होतं ते सगळ्यांनी आनंदाने घेतलं आणि आज हात जोडून खरं देतेय तर...

"कणा गेलाय," धाकू उठत म्हणाला. "मागलं अंग परत यायचं कठीण. येणारच नाय असं पण नाय म्हणत, एक खेचर उठलेलं बघितलंय मी. फळीवर ठेवा, हलवू नका, बांधून ठेवा दहा दिवस. पिसाळला असेल तर त्यात मरेल, नसेल तर जगेल, म्हणजे बाईला पण कळेल. आज मी याला मारणार नाय."

"दहा दिवस पिसाळलेलं कुत्रं दारात?" लवू म्हणाला. "धाकू, तू नाय मारणार तर मी मारतो. माझी बहीण आहे ती."

तेवढ्यात पुढच्या ओटीवरून हाक आली. पलीकडच्या आळीतली सोनूबाई, सुनेच्या खांद्यावर सगळा भार टाकून, कशीबशी पायऱ्या चढली होती. विहिरीवर घागर उचलताना कंबर धरलेली, चेहरा पांढराफटक. इकडचं तिला काही ठाऊक नव्हतं. "राहीबाय," ती कळवळून म्हणाली, "पाय दे गं बाय माझे. श्वास घेववत नाय."

लवू राहीमागोमाग ओटीवर आला, सोनूबाईला पाहिलं, राहीला पाहिलं. त्याच्या डोळ्यांत काहीतरी उजळलं. कौल मागायला देवळात गुरवाने देवाला पाकळ्या लावाव्यात आणि उजवी पडते की डावी, बघत उभं राहावं, तसा तो होऊन गेला.

"आक्का, तू म्हणतेस पायात गुण नाय. बरं. आपण कशाला भांडायचं? हिला पाय दे. हाच कौल. हिला उतार पडला तर पाय खरा — नि पाय खरा तर कुत्रं पिसाळलेलं, आत्ता जाऊन संपवतो. नाय पडला, तर धाकू म्हणतो तसं. दहा दिवस बांधीन, मी स्वतः पाणी देईन. देवाशपथ."

"बाईच्या कमरेवर कुत्र्याचा न्याय?" मागून धाकू म्हणाला. लवूने त्याच्याकडे बघितलं नाही. तो आपल्या परीने फार न्यायाने वागत होता, आणि शब्दाचा पक्का होता, हे राहीइतकं कुणाला माहीत?

सोनूबाई ओटीवर पालथी झाली. तिला झोपतानाही तीनदा थांबावं लागलं. पाठीचे मणके लुगड्यातून दिसत होते. नाही म्हणावं, राहीला वाटलं, सरळ नाही म्हणावं. पण नाही म्हटलं तर कौल कुठला, मग लवू आपल्या मताने जाणार. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. उपाशी आहे ना, हेही कुणी विचारलं नाही. उजवा पाय बांधलेला, तेव्हा तिने डावा उचलला आणि दुखऱ्या पायावर सगळं अंग तोललं. कळ टाळूपर्यंत गेली.

पहिल्यांदा लावला. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तिने तो लावलाच नाही; लुगड्याच्या काठाला नुसता तळवा लागेल न लागेल असा वर धरून ठेवला. आणि तरीही खालून आवाज आला, 'आं...', तोच, नवव्या वर्षापासून ऐकलेला, ओठ दाबून गिळलेला. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की तो दुखणं जाण्याचा आवाज आहे. तांबू सकाळी ओरडला त्याच जागेवरून तो येत होता, फक्त माणसं चावत नाहीत, माणसं नंतर म्हणतात, बरं वाटलं. किती जण म्हणाले असतील! किती जण सुनेच्या खांद्यावरून तसेच वाकत घरी गेले असतील आणि दार लावून विव्हळले असतील, तिला वाईट वाटू नये म्हणून, देवाला वाईट वाटू नये म्हणून...

तिने पाय खाली घेतला. मागीलदारी फळीवर तांबू एकदा हलकेच कण्हला आणि धाकूने चुचकारलं. लवू एक पायरी खाली उतरून, एक हात खांबाला धरून, सोनूबाईकडे बघत उभा होता.

सोनूबाई म्हातारी होती, भाविक होती, आणि राहीवर तिचा फार जीव होता. आजवर तिने एकदाही उतार पडला नाही असं म्हटलेलं राहीला आठवेना. आताही तिने दोन्ही तळवे जमिनीला टेकले, कोपर ताठ केले, आणि तोंडावर हसू आणायच्या तयारीने ती हळूहळू वर येऊ लागली — आणि जन्मभर जी दुसऱ्यांच्या कमरा बऱ्या व्हाव्यात म्हणून उपाशी राहिली ती राही दातावर दात दाबून मनात म्हणत राहिली, दुखू दे, बाई, तुझी कंबर दुखू दे, तुला उठता येऊ नये, ओरड, माझ्या तोंडावर ओरड.